कामाच्या जागेवरचे धोके आणि जोखीम : सातपूर-अंबडहून वारंवार येणारे प्रश्न

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत मी सुरक्षेचं काम करतो. प्रश्न बहुतेक व्हॉट्सॲपवर येतात, आणि त्यातले निम्मे रात्री अकरानंतर, म्हणजे दुसरी पाळी सुटताना. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एका जागी आणले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धोका आणि जोखीम यांत फरक काय? आम्हाला तर दोन्ही एकच वाटतं.

बोलताना एकच, तक्ता (कामातले धोके, त्यांची जोखीम आणि उपाय लिहायचा कागद) भरताना वेगळं. ज्यातून इजा होऊ शकते ती वस्तू, जागा किंवा काम म्हणजे धोका. ती इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर केवढी, हे दोन्ही मिळून जोखीम.

रामकुंडाच्या पायरीवरचं शेवाळ घ्या. रोज पहाटे एकटा उतरणारा माणूस ती पायरी ओळखून असतो. श्रावणी सोमवारी त्याच पायरीवर गर्दी, अनवाणी पाय, मागून रेटा. शेवाळ तेवढंच आहे, जोखीम कितीतरी पटींनी वाढली. शॉपमध्येही (कारखान्यातल्या कामाच्या जागी) तसंच: मशीनमागच्या कोपऱ्यात सांडलेलं तेल आणि फोर्कलिफ्टच्या वाटेवर सांडलेलं तेल, दोघांना एकच गुण देऊन चालत नाही.

फरकाचा उपयोग उपाय ठरवताना होतो. शेवाळ घासून काढलं तर धोकाच गेला. साखळी धरून उतरायला लावलं तर जोखीम कमी झाली, पण धोका तिथेच आहे. साखळी तुटली की पुन्हा पहिल्यासारखं.

२. आमच्याकडे सात-आठच माणसं आहेत. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

कायद्याचं आधी सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम तिच्यात सामावला गेला. संहितेत विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगार आणि विजेशिवाय ४० कामगार असले की तो 'कारखाना'. सर्वसाधारण आस्थापनेसाठी हा आकडा १० आहे. धोकादायक प्रक्रिया चालत असेल तर माणसं कमी आहेत म्हणून सुटका होत नाही. राज्यात या कामाचं खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

आता कायद्यापलीकडचं. सात माणसांच्या शॉपमध्ये तोच मालक, तोच सेटर (मशीनला साचा बसवणारा), तोच फोर्कलिफ्ट चालवणारा. एक माणूस जायबंदी झाला की सातवा हिस्सा कारखाना बंद. मोठ्या कंपनीत निदान सुरक्षा अधिकारी असतो (कारखान्यात ५०० कामगारांपासून तो नेमावाच लागतो), तुमच्याकडे ते काम करायला तुमच्याशिवाय कोणी नाही. तुमचा तक्ता दोन पानांत मावेल, एवढीच काय ती सवलत.

३. धोके शोधायचे म्हणजे नक्की करायचं काय? सुरुवात कुठून करू?

ऑफिसात बसून करायचं नाही, हे पहिलं. मशीनपाशी जायचं, ज्याचा हात आत जातो त्याच्या शेजारी उभं राहायचं, आणि निदान अर्धा तास काही न बोलता बघायचं. पहिली दहा मिनिटं तो तुम्हाला दाखवण्यासाठी काम करतो. पुढे विसरतो आणि रोजच्यासारखं करू लागतो.

अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये मी असाच उभा होतो. त्यांच्या तक्त्यात त्या मशीनपुढे लिहिलं होतं: 'पत्र्याच्या कडेने हात कापणे, उपाय हातमोजे.' ऑपरेटर छान काम करत होता. विसाव्या मिनिटाला एक तुकडा डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) अडकला. त्याने उजव्या हाताचं बोट घालून तो उडवला. डावा पाय पेडलवरच. मी विचारलं, "दादा, हे असं अडकतं कधी?" तो हसला. "दिवसातून पंधरा-वीसदा. तेल कमी पडलं की जास्त." पंधरा-वीसदा रोज घडणारी ही गोष्ट तक्त्यात नव्हतीच, कारण तक्ता बनवणाऱ्याने विचारलं होतं 'काम कसं चालतं'. काम अडतं कसं, हे विचारलंच नव्हतं.

माझा अनुभव असा की अपघात सुरळीत चाललेल्या कामात कमी होतात. काम अडतं, थांबतं, बदलतं, तिथे ते होतात. म्हणून मी प्रत्येक मशीनपाशी हेच विचारतो: अडकतं कधी आणि कसं काढता? साफ कधी करता, चालू असताना की बंद करून? डाय किंवा टूल कोण बदलतं, तेव्हा उजेड कुठून येतो? माणूस आला नाही तर त्याचं काम कोण बघतं? वीज गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होतं का? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात.

मग उरलेली नेहमीची यादी: फिरणारे भाग, उंची, वीज, उचल, रसायन, आग, आवाज, धूळ, वाहनांची ये-जा. ती पुस्तकातही मिळेल. वरचे प्रश्न विचारून झाल्यावर ती नजरेखालून घाला, आधी नको.

४. पाच बाय पाचचा तक्ता भरतो, पण गुण कसे द्यायचे ते कळत नाही.

शक्यतेला १ ते ५, गंभीरतेला १ ते ५, दोहोंचा गुणाकार. किती गुणांना काम थांबवायचं आणि किती गुणांना महिन्याभरात दुरुस्ती करायची, हे ज्याने त्याने आधी लिहून ठेवायचं. गणित एवढंच आहे. गोम दोन ठिकाणी आहे.

पहिली: सारखा गुणाकार म्हणजे सारखी जोखीम नव्हे. क्रेनवरचा बोजा डोक्यावर पडणं, शक्यता २, गंभीरता ५, गुणाकार १०. ओल्या फरशीवर पाय घसरून मुरगळणं, शक्यता ५, गंभीरता २, गुणाकारही १०. दोघांना एका रांगेत बसवलं तर माणसं फरशी पुसत राहतील, कारण ती सोपी आहे. म्हणून जिथे गंभीरता ५ आहे ती ओळ, गुणाकार काहीही येवो, मी वर ठेवतो.

दुसरी: 'उपायानंतरचे गुण' भरताना लोक गंभीरता खाली आणतात. हातमोजे दिले म्हणून प्रेसखाली सापडलेल्या बोटाची इजा कमी होत नाही. प्रशिक्षण, सूचनाफलक, देखरेख यांनी झालीच तर शक्यता कमी होते. गंभीरता कमी करायची तर वजन, उंची, वेग, व्होल्टेज किंवा रसायनच कमी करावं लागतं.

५. सल्लागाराने तयार तक्ता दिला आहे, साठ पानांचा. चालेल का?

ऑडिटला कदाचित चालेल. एका ठिकाणी असाच जाडजूड तक्ता चाळताना मला बॉयलरच्या अकरा ओळी दिसल्या. त्या कारखान्यात बॉयलर नव्हता. जे होतं, म्हणजे मागच्या भिंतीला लागून ठेवलेले थिनरचे ड्रम आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर चालणारं वेल्डिंग, त्याची एकही ओळ नव्हती.

सल्लागार घ्यायला हरकत नाही. पण त्याला प्रश्न ३ मध्ये सांगितल्यासारखं ऑपरेटरशेजारी उभं करा, आणि तक्त्याखाली ऑपरेटरची सही असू द्या, वाचून दाखवून घेतलेली.

६. हेल्मेट, बूट, गॉगल, हातमोजे सगळं दिलंय. मग उपाय झाले ना?

झाले, पण शेवटून पहिले. क्रम असा: धोका काढूनच टाकता येतो का, नाही तर कमी धोक्याचं काही वापरता येतं का, नाही तर मध्ये गार्ड, जाळी, एक्झॉस्ट असा आडोसा घालता येतो का, मग कामाची पद्धत, परवाना, पाळी, फलक, आणि सगळं करून जे उरलं त्यासाठी अंगावरची साधनं.

कारण साधं आहे. गार्ड एकदा बसवला की तो दिवसभर तिथेच असतो. गॉगल माणसाला दर वेळी आठवणीने घालावा लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला तो घामाने धुरकट होतो. तो काढला म्हणून ओरडण्याआधी स्वतः एक तास घालून बघा.

साधनं घ्यायचीच तर आयएसआय चिन्ह बघून घ्या: हेल्मेटला आयएस २९२५, बुटांना आयएस १५२९८, उंचीवरच्या हार्नेसला आयएस ३५२१. रस्त्यावर मिळणारी प्लास्टिकची पिवळी टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे.

७. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे की नाही? सुपरवायझर घाला म्हणतो, जुना कारागीर नको म्हणतो.

जुन्या कारागिराचं ऐका. फिरत्या चकजवळ (जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, पकडणारा भाग), ड्रिल बिटजवळ हातमोजा नको, सैल बाही नको, गळ्यात मफलर नको, हातात कडं-धागा नको. मोज्याचा एक दोरा बिटात गुंतला तर अख्खा हात ओढला जातो. चिप्स काढायला हूक किंवा ब्रश. मशीन पूर्ण थांबवून जॉब उचलताना मात्र मोजे घाला, कडा धारदार असतात.

८. पॉवर प्रेसला गार्ड लावला की उत्पादन घटतं. सेन्सर लावला तर चालेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमचा प्रेस कोणता ते बघा. आपल्याकडच्या लहान शॉपमधले बरेचसे जुने मेकॅनिकल प्रेस चावीच्या क्लचचे आहेत. पेडल दाबलं, चावी फ्लायव्हीलमध्ये (जड फिरत्या चाकात) बसली, की रॅम (डायवर येऊन आदळणारा वरचा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्ये त्याला कोणी थांबवू शकत नाही. अशा प्रेसला तुम्ही कितीही महाग प्रकाशकिरणांचा सेन्सर लावा, त्याने हात ओळखला तरी रॅम खाली यायचा तो येतोच. सेन्सरचा उपयोग एअर क्लच-ब्रेकच्या किंवा हायड्रॉलिक प्रेसला, जिथे रॅम वाटेत थांबतो. मालक लोक सेन्सरवर पैसे घालवून निश्चिंत होतात आणि ही गोष्ट विकणाराही सांगत नाही.

चावीच्या क्लचला दुसरा रोगही असतो. चावी किंवा स्प्रिंग झिजली की पेडल न दाबता प्रेस पुन्हा मारतो. शॉपमध्ये म्हणतात, 'डबल मारला'. डबल मारणारा प्रेस म्हणजे त्याच क्षणी बंद करून फलक लावायचा प्रेस. "आज एवढी ऑर्डर संपवू, उद्या बघू" या वाक्यानंतर काय झालं ते मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा मालक वाईट माणूस नव्हता.

मग चावीच्या प्रेसला काय करायचं? डायभोवती पक्का गार्ड, ज्यातून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. ते जमत नसेल तर गार्ड बंद झाल्याशिवाय क्लच लागणार नाही अशी जोडणी. सुट्या तुकड्यांना चिमटा, चुंबक किंवा सरकता ट्रे, म्हणजे हात डायखाली न्यायचं कारणच उरत नाही. पेडलवर झाकण, म्हणजे वरून काही पडून स्ट्रोक लागत नाही.

दोन हातांच्या बटणांबद्दल: दोन्ही एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक बसला पाहिजे, आणि दोन्हींमध्ये एवढं अंतर हवं की एक हात आणि कोपर यांनी काम भागणार नाही. एका बटणावर चिकटपट्टी दिसली तर ऑपरेटरला झापण्याआधी त्याचा पगार नगावर आहे का ते विचारा. नगावर असेल तर ती चिकटपट्टी अर्धी तुमचीही आहे.

उत्पादन घटतं हे खोटं नाही. पहिले काही दिवस घटतं. बहुतेक वेळा गार्ड वाईट बनवलेला असतो: दिसत नाही, दर वेळी चार नट सोडावे लागतात. तो ऑपरेटरला विचारून बनवा, पारदर्शक पत्रा आणि बिजागरी वापरा.

९. मशीन बंद करूनच दुरुस्ती करत होतो, तरी अपघात झाला. कसं शक्य आहे?

बटण बंद होतं, मशीन नाही. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत असतं. न्यूमॅटिक सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते. वर अडकलेला रॅम स्वतःच्या वजनाने येतो. कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. आणि या सगळ्यांहून मोठं कारण: पलीकडच्या माणसाला तुम्ही आत आहात हे माहीत नसतं, आणि तो स्विच टाकतो.

उपाय म्हणजे स्वतःचं कुलूप. मेन स्विच खाली, त्याला कुलूप, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात. दोन माणसं आत असतील तर दोन कुलपं. मग हवा सोडायची, रॅमखाली ठोकळा ठेवायचा, फ्लायव्हील थांबेपर्यंत थांबायचं आणि शेवटी चालूचं बटण दाबून बघायचं, खरंच बंद आहे का. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. एकदा मी स्वतः कुलूप लावून बटण दाबलं तर शेजारचंच मशीन बंद निघालं. पॅनेलवरची नावं कधीतरी अदलाबदल झाली होती.

१०. पावसाळ्यात ग्राइंडरला झिणझिण्या येतात. टेप लावून चालवलं तर?

नाही. झिणझिण्या म्हणजे करंट अंगातून जायला लागला आहे. तीन गोष्टी करा: हातात धरायच्या सगळ्या यंत्रांच्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण, आणि तीन पिनांचाच प्लग, अर्थिंगसह. एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो वायर वाचवतो. माणसाला मारायला पुरेसा करंट त्याच्या दृष्टीने काहीच नसतो. ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर, त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं आजच बंद करा.

११. वायनरीत टाकी धुवायला आत उतरतो. आत मेणबत्ती सोडून बघितली, विझली नाही, तर सुरक्षित ना?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. जानेवारी ते मार्च हंगामात दिंडोरीपासून गंगापूरपर्यंत टाक्या भरलेल्या असतात, म्हणून नीट वाचा.

द्राक्षरस आंबताना साखरेचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक लिटर रसातून चाळीस लिटरहून जास्त. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, तळघरात साचतो. वास नाही, रंग नाही. मेणबत्ती विझायला ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. पण हवेत १० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्या वेळी ऑक्सिजन अजून १८ टक्क्यांच्या वर असतो. म्हणजे मेणबत्ती जळत असते आणि माणूस पडलेला असतो. याच कारणाने नुसता ऑक्सिजन मीटरही पुरत नाही, कार्बन डायऑक्साइडचा मीटर वेगळा लागतो.

आत उतरायच्या आधी: उतरायलाच हवं का ते बघा, बाहेरून स्प्रे बॉलने धुता येतं का. उतरायचंच तर लेखी परवाना, तळापर्यंत पाइप सोडून ब्लोअरने हवा, वर-मध्ये-खाली तिन्ही ठिकाणी मोजणी, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही, अंगात हार्नेस आणि त्याचा दोर बाहेर, आत २४ व्होल्टपेक्षा जास्त नसलेला दिवा, आणि दाराशी एक माणूस जो कुठल्याही कारणाने जागा सोडणार नाही.

त्या माणसाला एक गोष्ट पाठ हवी: आतला पडला तर आपण उडी मारायची नाही. दोराने ओढायचं, ओरडून मदत बोलवायची. अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही मरतो. सेप्टिक टँकच्या बातम्या आठवा, एकामागून एक दोन-तीन जण. आपल्या माणसाला तडफडताना बघून थांबणं सोपं नाही, म्हणूनच त्याची तालीम आधी करावी लागते.

१२. बागेत छाटणीनंतर पेस्टिंगला जातो. संध्याकाळी थोडी घेतली तर अंग लाल होतं, धडधडतं. औषध बाधलं का?

शेतीही कामाचीच जागा, म्हणून हा प्रश्न इथे. छाटलेल्या द्राक्षकाडीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंगमध्ये लावतात ते हायड्रोजन सायनामाइड शरीरात दारू पचण्याच्या वाटेत अडथळा आणतं. त्यामुळे चेहरा लाल होणं, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं असा त्रास होतो आणि तो गंभीरही होऊ शकतो. पेस्टिंगच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात नको. हे औषध कातडीतूनही आत जातं, तेव्हा उघड्या हाताने किंवा फाटक्या मोज्याने लावू नका, आणि कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. त्रास वाटला तर दवाखान्यात जाताना डब्यावरचं लेबल सोबत न्या.

बागायतदारांना विनंती: मजुरांना ही एक गोष्ट सकाळी काम सुरू होण्याआधी तोंडी सांगा. लेबलवरचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही.

१३. 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग नोंदवायला सांगतो, पण कोणी नोंदवत नाही.

पहिल्यांदा नोंदवलं तेव्हा काय झालं होतं, ते आठवा. मेमो मिळाला असेल तर उत्तर तिथेच आहे.

हेनरिक नावाच्या विमा क्षेत्रातल्या माणसाने १९३१ मध्ये मांडलं होतं की एका मोठ्या इजेमागे २९ लहान इजा आणि इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाला. ते पाढ्यासारखे पाठ करू नका. तुटलेली स्लिंग (बोजा उचलायचा पट्टा) आज रिकाम्या जागेवर पडली, उद्या माणसावर पडेल, एवढं समजायला आकडे लागत नाहीत.

एका शॉपमध्ये फॉर्म काढून टाकून चहाच्या टेबलाशी फळा लावला. ज्याला जे दिसेल ते दोन शब्दांत लिहायचं, नाव नको. पहिल्या आठवड्यात फक्त 'पंखा बंद' आलं. पंखा त्याच दिवशी दुरुस्त झाला. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी लिहिलं, 'क्रेनचा लिमिट स्विच चालत नाही.' (हूक फार वर गेला की क्रेन थांबवतो तो स्विच.)

१४. अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं, आणि कळवायचं कोणाला?

माणूस आधी. मशीन बंद, जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब. बोट तुटलं असेल तर तो तुकडा शोधा, स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला तर तो जोडण्याच्या लायकीचा राहत नाही. बोट जोडणारा सर्जन कुठल्या रुग्णालयात आहे याचा फोन नंबर आजच प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवा. त्या वेळी शोधायला सुचत नाही.

मग जागा जशी आहे तशी ठेवा, फोटो काढा. मृत्यू झाला किंवा जखमी माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकत नसेल तर कारखान्याने अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमाधारक असेल तर अपघाताची नोंद तिथेही लगेच करा. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. घर ते कारखाना येता-जाताना झालेला अपघातही ठरावीक अटींवर यात धरला जातो, हे बऱ्याच कामगारांना माहीत नसतं. 'घरी पडला' असं लिहून घेणाऱ्या मालकाला मी एकच विचारतो: उद्या त्याने खरं सांगितलं तर तुमच्या बाजूने कोण बोलणार?

१५. चौकशीत कारण 'कामगाराचा निष्काळजीपणा' आलं. पुढे काय करायचं?

चौकशी पुन्हा करायची. निष्काळजीपणा हे कारण नाही, तिथून प्रश्न सुरू होतात. हात का घातला? तुकडा अडकला म्हणून. का अडकला? तेल पोचत नव्हतं. का? पंप दोन महिने नादुरुस्त. का? खरेदीची मंजुरी अडकली. आता तक्त्यात लिहायला काहीतरी हाती आलं.

१६. पावसाळ्याआधी पत्रे बदलायला बाहेरचा ठेकेदार आला होता. त्याचा माणूस पडला तर जबाबदारी आमची कशी?

जागा तुमची, काम तुमचं, पत्रा किती जुना हे तुम्हालाच माहीत. 'ठेका दिला' म्हणून हात झटकता येत नाहीत.

मे महिन्यात एमआयडीसीत शेडवर चढलेली माणसं तुम्हीही बघत असाल. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा वाटतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. त्याहून फसवा असतो उजेडासाठी लावलेला फायबरचा पत्रा. धूळ बसली की तो बाकीच्या पत्र्यांत मिसळून जातो आणि वरच्या माणसाला ओळखू येत नाही. खालून बघा, उजेड कुठून येतो ते खडूने नकाशावर मांडा आणि नकाशा ठेकेदाराच्या हातात द्या. पत्र्यावर थेट पाय नको, फळ्या टाकून चालायचं. खाली जाळी, वर बांधलेला दोर, आणि हार्नेस त्या दोराला अडकवलेला. नुसता अंगात घातलेला हार्नेस मी इतका बघितलाय की आता आधी हूककडेच नजर जाते.

१७. मी कामगार आहे. काम धोक्याचं वाटलं तर नाही म्हणू शकतो का?

गंभीर इजेचा किंवा जिवाचा धोका लगेच दिसत असेल तर ते मालकाच्या नजरेस आणून द्यायचा आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवायचा हक्क संहितेत आहे. त्यावर ताबडतोब उपाय करणं मालकाचं काम. जुन्या कायद्यातही धोकादायक प्रक्रियांसाठी अशी तरतूद होती, भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये घातलेली.

प्रत्यक्षात 'करणार नाही' म्हणण्यापेक्षा 'असं केलं तर करतो' म्हणा. "साहेब, दोर द्या, चढतो." "लाइन बंद करून कुलूप लावू द्या, हात घालतो." नकार देणं आणि अट घालणं यांत सुपरवायझरला फार फरक वाटतो. आणि शक्य तर दोघांनी मिळून बोला, लेखी किंवा मेसेजवर.

१८. आमच्याकडे निम्मी मुलं बिहार-उत्तर प्रदेशची. फलक मराठीत लावायचे की हिंदीत?

दोन्हीत, आणि चित्रासह. पण नवीन मुलाला अपघातापासून फलक वाचवत नाही, त्याच्याबरोबर पहिला आठवडा उभा राहणारा माणूस वाचवतो. समजलं का विचारलं की प्रत्येक जण मान डोलावतो; करून दाखवायला सांगा.

१९. एकदा बनवलेला तक्ता किती दिवसांनी बदलायचा?

वर्षातून एकदा तरी, आणि नवं मशीन, नवं रसायन, नवी डाय, जागेत बदल, पाळीत बदल, अपघात किंवा प्रश्न १३ मधला प्रसंग, यांपैकी काहीही झालं की लगेच. वरची तारीख बदलून प्रिंट काढणं यात धरत नाही.

२०. गार्ड काढल्याशिवाय डाय सेटिंग होतच नाही. मग नियम कसा पाळायचा?

हा खरा अपवाद आहे. सेटिंगसाठी गार्ड काढावा लागतो हे मान्य, पण तो कोणी, कधी आणि किती वेळ काढायचा हे लिहून ठेवा. फक्त नेमलेला सेटर, अंगाला घट्ट कपडे, पेडल काढून ठेवलेलं, रॅमखाली ठोकळा, आणि रॅम खाली आणायचा तर मोटर बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवून. ट्रायलचा पहिला स्ट्रोक गार्ड परत बसल्यावर. 'जरा ट्रायल घेतो, मग लावतो' इथेच गार्ड महिनाभर भिंतीला टेकून राहतो.

२१. दसऱ्याला मशीनची पूजा असते. त्यासाठी वेगळं काही लिहायचं का?

हो, आणि विचारणारे तुम्ही पहिलेच नाहीत. खरा धोका पूजेत नाही, आदल्या दिवशीच्या साफसफाईत आहे. सगळे उत्साहात असतात, ऑफिसातली माणसंही फडकं घेऊन येतात, आणि लेथ हळू फिरवत चकला कापड लावून तेल पुसलं जातं. मेन स्विच खाली टाकून कुलूप लावा (प्रश्न ९), मग पुसा. थिनरने पुसत असाल तर ती फडकी झाकणाच्या डब्यात टाका, उदबत्ती दुसऱ्या दिवशी तिथेच लागणार आहे. झेंडूचा हार चकवर किंवा स्पिंडलवर नको, हेडस्टॉकच्या झाकणावर घाला. आणि एकादशीला सकाळी पहिल्या पाळीचा माणूस मशीन सुरू करण्याआधी हार उतरवेल, हे कोणाच्या तरी नावाने लिहून ठेवा.